हरमलला तोंड बांधून सात दिवस

१२ जानेवारी, सोमवार
हरमल. संध्याकाळ. आणून सोडलंच शेवटी. प्रकाशने गाडी वळवली आणि गेला, मागे बघितलंही नाही. माझाच मुलगा.

नातीला, पूर्वाला, सात दिवस गप्प बसायचं आहे. चोवीस वर्षांची घोडी. औषधाच्या कारखान्यात तपासणीचं काम करते, सगळे म्हणतात हुशार. पण धारगळच्या स्थळाला हो म्हणायचं की नाही ते हिला सुचत नाही. म्हणून इथल्या ध्यानकेंद्रात जपानी पद्धतीने भिंतीकडे तोंड करून बसणार आणि रविवारी उत्तर देणार. हे तिला मोबाईलवर सापडलं. प्रकाश म्हणाला, "आजी वांगडा असली तरच जा." मला कोणी विचारलं? माझं नावही तिनेच भरलं.

"आजी, तू नुसती बस गो. घरी तरी तुका काय काम आसा?"

घरी मला बोलायचं काम आहे.

मोबाईल काढून घेतले. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही, दुसऱ्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. ही वही साडीच्या घडीतून आली. न्हाणीत बसून लिहिते. इथे कोण बघायला येतंय.

१३, मंगळवार
साडेपाचला घंटा. बावीस माणसं. अर्धी गोरी, बाकी पुण्या-मुंबईकडची. साडीतली मी एकटी. गुडघे टेकत नाहीत म्हणून मला पाठ टेकायला लाकडी कदेल दिलं, बाकी सगळे उशीवर. भिंत पांढरी. एके ठिकाणी चुना फुगलाय. दुपारपर्यंत तो फुगवटा मला पाठ झाला.

मधे मधे उठून एका रांगेत चालायचं. एक पाऊल टाकायला एवढा वेळ की मयताला जाणारी माणसं यांच्यापुढे धावतात म्हणायची.

गुरू म्हणजे बाई. जर्मनीची. डोकं तासलेलं, अंगावर मांस नाही. तिचं बोलणं पुण्याचा एक दाढीवाला मराठीत सांगतो. मराठी कसली, वर्तमानपत्रासारखी.

दुपारी ती हातात चपटी काठी घेऊन मागून फिरत आली. गुरू जवळ आला म्हणून मी हात जोडले. आपल्यात जोडतातच. तर तिने वाकून नमस्कार केला आणि सणकन दोन्ही खांद्यांवर एकेक दिली! मग कळलं, झोप येते, मला मारा असं सांगायला इथे हात जोडतात. पूर्वाचे खांदे हलत होते. हसत होती मेली. तिने पण मान वळवली नाही, मी पण नाही.

खरं सांगायचं तर पाठ मोकळी झाली.

१४, बुधवार
आज संक्रांत. गोड बोला म्हणायचा दिवस आणि इथे तोंडाला टाळं. सून घरी एकटीच तिळाचे लाडू वळत असेल. पाक नक्की कडक केला असणार.

जेवायला एकात एक बसणारे तीन वाडगे. पेज, भाजी, मुळ्याचं लोणचं. शेवटी कढत पाणी ओतायचं, लोणच्याच्या फोडीने वाडगा पुसायचा आणि तेच पाणी पिऊन टाकायचं. गोरे डोळे मिटून पितात, तीर्थ असल्यासारखे. माहेरी नार्व्याला माझे बाबा शेतावरून आले की पेजेची वाटी अशीच विसळून प्यायचे. त्यांना कोणी गुरू म्हटलं नाही.

शेजारच्या घरात बांगडे तळत होते. वास आत आला तरी जनेल बंद करायला पण उठता येत नाही.

फाटक उघडं आहे. कुलूप असतं तर शिव्या तरी घातल्या असत्या. उघड्या फाटकाला काय म्हणणार? चार पावलं गेलं की रस्ता, स्कूटरवरून उघडीनागडी माणसं जातात, पोदेर भोंपू वाजवत पाव विकत जातो. तरी कोणी जात नाही. मी पण जात नाही. पूर्वा इथे आहे.

आणि एक गोष्ट आहे. काम नसलं, बोलणं नसलं की ती वर येते. आज दिवसभर भिंतीवर तीच.

डिसेंबरात धारगळच्या स्थळाचं देवीला विचारायला मी गेले होते. एकटीच. भटाने ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवीची पडली तर हो, डावीची पडली तर नको. डावीची पडली. लगेच. मी म्हटलं, "पंखा चालू आसा भटानूं, वाऱ्यान पडली ती." त्याने माझ्याकडे बघितलं. पंखा बंद केला. कौल परत लावला. उजवीची पडायला अर्धा तास गेला, पण पडली.

घरी येऊन सांगितलं, उजवा कौल. पहिल्याचं कोणालाच सांगितलं नाही.

का केलं? धारगळ जवळ आहे. माणसं चांगली, मुलगा ट्रकांचा धंदा सांभाळतो, दारू नाही. पूर्वा अर्ध्या तासावर राहील. ती लांब गेली तर माझ्याशी बोलणार कोण? प्रकाश बोलतो तो फोनवर. बस. एवढंच होतं.

पूर्वा म्हणाली होती, "आजी, मी कौल बिवल मानीत नाय. पण तू मानतंस. म्हणून मी हो म्हणूचा म्हणतंय."

१५, गुरुवार
सकाळी सगळ्यांना काम वाटून देतात. पूर्वाला हॉल झाडायचा. मला हॉलमधल्या बुद्धाला फुलं. दगडी मूर्ती, कलिंगडाएवढी, चेहरा शांत. बाहेर जास्वंद होती.

आता हे लिहायला लाज वाटते. हॉलमध्ये कोणी नव्हतं. मी दोन पाकळ्या ओल्या केल्या आणि लावल्या त्याच्या खांद्यांवर. गाऱ्हाणं मनात घातलं: तू कोण देव मला ठाऊक नाही, तुझा गाव कुठला ठाऊक नाही, मासे खात नाहीस तेवढं कळलंय. पूर्वाला खरं सांगू की नको, एवढंच सांग.

सांगितलं तर काय होईल? ती नको म्हणेल. वर माझं तोंड बघणार नाही. नाही सांगितलं तर ती हो म्हणेल, आणि उद्या काही वाकडं झालं तर मला एकटीला ठाऊक की देवीने आधीच सांगितलं होतं.

घंटा झाली. सगळे येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. देव माझ्या पाठीमागे. चाळीस मिनिटं मान वळवायची नाही. माझी मान म्हणजे दोरीला बांधलेलं वासरू. चालताना तिरक्या नजरेने बघितलं. दोन्ही जागेवर.

दुपारी दोन्ही जागेवर. संध्याकाळी पण.

१६, शुक्रवार
अजून चिकटलेल्या. सुकून दगडाला धरून बसल्यात. देवीसमोर एवढ्यात चार कौल झाले असते. हा देव बोलतच नाही. याच्याच घरी मला गप्प बसायला आणलंय, आणखी काय होणार.

पूर्वाने बघितलं. झाडताना मूर्तीपुढे थांबली. केरसुणी हातात तशीच. तिला कळणार नाही असं कसं होईल, लहानपणापासून माझ्याबरोबर देवळात येते. गोऱ्यांना वाटलं असेल शोभा.

मग नळावर वाडगे धुताना जवळ आली. चार दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला, घसा बसलेला.

"आजी, कसलो कौल लावलंस गो?"

मी काय केलं? मी! जिचं तोंड बंद करायला नवऱ्याला जमलं नाही, सासूला जमलं नाही, त्या मी ओठांवर बोट ठेवलं. नियम आहे ना. वाडगा पुसत राहिले.

ती बघत राहिली. मग गेली.

चार दिवस ह्या नियमाला शिव्या घातल्या आणि आज त्याच्याच मागे लपले. घाबरट म्हातारी.

१७, शनिवार
गुरुबाई एकेकाला आत बोलावते. आत बोलायला चालतं. माझी पाळी आली. ती खाली बसलेली, मी कदेलावर, दाढीवाला मधे.

तिने विचारलं, "काय घेऊन आलात?" मी म्हटलं, पिशवी आणि एक खोटं. दाढीवाल्याला मी कौल, पाकळ्या, पंखा, भट सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आजी, हळू, कौल म्हणजे छपरावरचे का?" मी म्हटलं, "अरे शिकलेल्या, तू खंयचो?" मग परत सगळं पहिल्यापासून.

बाई ऐकत होती. माझ्याकडेच बघून, त्याच्याकडे नाही. मला वाटलं ज्ञान सांगेल, सगळं माया आहे वगैरे. तिने विचारलं, "ही गोष्ट कोणाची आहे?"

"पूर्वाची."

"मग मला का सांगता?"

आणि घंटी वाजवली. म्हणजे जा. दोन मिनिटं पण झाली नसतील. मी इतकी चिडले की बाहेर येताना तिचे जोडे माझ्या पायाने उडाले. सात दिवस बसवून घेते आणि एवढंच?

दुपारभर राग गेला नाही. चुन्याचा फुगवटा पण आज दिसला नाही. संध्याकाळी रांगेत पूर्वा माझ्या पुढे चालत होती. टाचा फुटल्यात तिच्या. कोकम तेल लाव म्हणून सांगायला तोंड उघडलं, मिटलं. सांगायचं असेल तर आधी ते सांगायला हवं. त्याआधी दुसरं काही बोलायचा माझा हक्क नाही असं वाटलं. असं मला कधी वाटत नाही.

१८, रविवार
सकाळच्या पेजेनंतर गप्प राहणं सुटलं. शेवटचं बसणं नऊ वाजता, मग घरी. बाकीचे एकदम बोलायला लागले, मिठ्या काय, रडणं काय. मी पूर्वाला काजूच्या झाडाखाली नेलं.

पहिलंच वाक्य ते सांगितलं. "देवीन पयली डावी दिल्यान. मी परत लावून घेतलंय."

मी पंख्याचं पण सांगितलं. धारगळ जवळ आहे म्हणून केलं, ते पण सांगितलं. माफी मागितली नाही. मला ती मागता येत नाही, आणि मागितली असती तर ती लगेच बरं म्हणाली असती. तसं नको होतं.

मग म्हणाली, "सात दिवस मी भिंतीक तोंड करून हो म्हणूची तयारी करी होतंय. तुझ्या देवीच्या नावान."

"म्हायत आसा."

"म्हणजे आता माकाच ठरवूक होया."

"होय."

"तू काय ठरवशीत?"

जीभ अगदी दातांपर्यंत आली. मी म्हटलं, "माका इचारू नको. मी चुकीचा सांगतंय, तू बघितलंस."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता. बरं वाटलं, रागाचं मला कळतं. घंटा झाली, ती आत गेली. मी नाही गेले. पुरे झालं मला.

आता सव्वादहा. पायरीवर बसून लिहिते, उघड्यावर. पावणेदहालाच बसणं संपलं, सगळे बाहेर आले, उशा गोळा झाल्या. पूर्वा उठली नाही. दार अर्धं उघडं आहे, तिची पाठ दिसते. गुरुबाई आली, बघितलं, निघून गेली.

प्रकाश गाडी घेऊन आलाय. धारगळच्यांना चार वाजता चहाला बोलावून ठेवलंय त्याने, शहाण्याने.

"आये, खंय आसा तां?"

"बसलां."

"अजून? काय म्हणता? हो मां?"

"माका म्हायत नाय."

"तू सात दिवस वांगडा होतंस नि तुका म्हायत नाय?" दोनदा घड्याळ बघितलं. "हाक मार तिका. तुझा ऐकतला."

तेच तर.

मी म्हटलं, "तू बस हंय. नि गप बस." तो बसला. सुपारी काढली, परत खिशात ठेवली. आता तो पण त्या पाठीकडेच बघतोय.

साडेदहा. आत खोकली. मला वाटलं उठली, म्हणून वही मिटायला घेतली, पण ती उशी सारखी करून परत बसली. हाक मी मारणार नाही.