बावीस सह्या

९ फेब्रुवारी १९६२, शुक्रवार

आमच्या गावातून एकही मत बाद जाणार नाही! आज सोनगीरच्या शाळेत शिक्षकांच्या बैठकीला गेलो, तिथे चारचौघांसमोर बोललो. मास्तरमंडळी हसली. हसू देत.

गेल्या खेपेला प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. हव्या त्या पेटीत कागद टाकला की झालं. यंदा सगळी नावं एकाच कागदावर — आपल्या माणसाच्या चिन्हावर शिक्का मारायचा. गावोगाव घोळ होणार. आमच्याकडे नाही. दुपारचा बायकांचा साक्षरता वर्ग मी चालवतो. बावीस जणी, आणि बावीसही जणींचा अंगठा वर्षात सुटला. 'जिथे कागद तिथे सही' — हे घोकून घेतलंय मी त्यांच्याकडून! सरपंच रुपचंद नानांच्या सुंदरबाई तर पहिल्यांदा सही जमली तेव्हा दोन दिवस पाटी पुसायला तयार नव्हत्या.

१२ फेब्रुवारी

वर्गात मतदानाची तालीम. वांग्याच्या देठाचा शिक्का, शाईऐवजी काजळ. सगळ्यांचे शिक्के नेमके चिन्हावर. शिकवणारा कोण आहे!

तालमीपेक्षा पाण्याच्याच गप्पा जास्त. जुन्या आमदारांनी दोनदा विहीर कबूल केली. अजून कुदळ पडलेली नाही. यंदा त्यांच्याविरुद्ध धुळ्याचे एक वकील उभे आहेत. मंजुळाबाई फणकारल्या — "पानी आम्ही वाहतस, नि भाषण आमदार करतस!" सुंदरबाई काजळाची डबी पुसत बसल्या. नाना जुन्या आमदारांचे ना! परवाच पारावर म्हणाले, "गाव मन्हा मुठमा शे, गुरुजी."

१९ फेब्रुवारी, सोमवार

मतदान झालं. बाविसांपैकी एकही घरी राहिली नाही. ठेवणीतली लुगडी नेसून एका रांगेत. नाना शाळेच्या दारापासून जरा लांब उभे — प्रत्येकीकडे बघत. एकीनेही मान वर केली नाही.

२१ फेब्रुवारी

मतमोजणीला माझी नेमणूक, धुळ्यात! उत्तम. आमची पेटी डोळ्यांदेखत उघडेल.

२६ फेब्रुवारी, धुळे

पेटी उघडली. माझ्याच टेबलावर.

तिसराच कागद — शिक्का वकिलांच्या चिन्हावर, अगदी मधोमध. आणि खाली शिसपेन्सिलीने सही. मंजुळाबाईंची! मग दुसरी. मग तिसरी. मतदार ओळखू येईल अशी खूण असली की मत बाद — साहेबांनी नियम वाचून दाखवला आणि गठ्ठा बाजूला काढला. बावीस कागद. सगळे वकिलांचे. सुंदरबाईंचाही.

जुने आमदार चौदा मतांनी निवडून आले.

चौदा! वकील आठ मतांनी आले असते. आमदार बदलला असता, विहीर झाली असती. माझ्या घोषवाक्याने घात केला. शिक्का शिकवला, पण 'या एका कागदावर सही नको' हे सांगायचं सुचलं नाही. मूर्ख मी. त्या भाबड्या बायका काय करणार? कागद दिसला, सही केली.

२८ फेब्रुवारी

गावात नानांचे पेढे. मला बाजूला घेऊन विचारलं — "बाद मतं कोनी शेतस? कोन फुटनं?"

"शिक्के पुसट होते," म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या शिकवणीला नावं ठेवली. नाना समाधानाने हसले.

वर्ग उद्या. कोणत्या तोंडाने जाऊ?

१ मार्च

गेलो. सगळं सांगितलं. माझी चूक, मला माफ करा म्हणालो.

सुंदरबाई उठल्या. "तुमनी काय चूक? सही करानी नही, हाई आम्हले मतदानना साहेबनी आत सांगं व्हतं. पन आमनं ठरेल व्हतं. शिक्का तं कोनाबी व्हई शकस. पानी कोनी मांगं, हाई धुळाले समजाले नको का?"

बाकीच्या एकवीस जणी माझ्याकडे बघत होत्या.

"सह्या वाच्यात का मंग कोनी?" सुंदरबाईंनी विचारलं.

"मी वाचल्या," म्हणालो. "बावीसही."