शेंदराखालचा नंबर

प्रिय साहिल,
अनेक आशीर्वाद. तुझ्या बाबांचा खोकला उतरला आहे, मीही ठीक. फोन असताना पत्र काहून, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलतोस आणि मी हूं हूं करते. तेवढ्यात तुझी सुट्टी संपते. आज मला बोलायचं आहे, म्हणून हिशेबाच्या वहीतली मागची कोरी पानं फाडून बसले.

तू पुण्याला कंपनीत लागलास तेव्हा तुझी ई-रिक्षा अंगणात नुसती उभी होती. हर्षानं लायसन काढलं आणि चालवायला घेतली. मग आपल्या मनीषनगरात लोकं बोलायला लागली, की साहिलची बायको रिक्षा चालवून राहिली. ते तुझ्या कानावर आलं, आणि गाडी त्या जुन्या गाड्या घेणाऱ्या शालिकरामला विकून टाका असं तू सांगितलंस. मीही हो म्हटलं होतं. शालिकराम म्हणाला, आधी फिटनेस करून द्या, कागद पुरे नसले तर मी हात लावत नाही. म्हणून परवा आम्ही दोघी आरटीओच्या मैदानात गेलो. आपल्याच हातची गाडी दुसऱ्याला देता यावी म्हणून ती पोर तिचे कागद नीट करायला निघाली होती, हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आलं नाही.

तुला खरं सांगू का, त्या गाडीत मी पहिल्यांदाच बसले. आवाज नाही, धूर नाही. वर्धा रोडवर एवढाले ट्रक, आणि ही आपली कडेकडेनं, कोणाला शिवी नाही की घाई नाही. मी मागे देवाचं नाव घेत बसले होते. येताना टेकडी गणपतीला जायचं म्हणून पिशवीत दिव्याच्या तेलाची बाटली होती.

मैदानात रांग मोठी होती. आमचा नंबर लागला. साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिला, मग खाली वाकून हातातल्या बॅटरीचा उजेड टाकला आणि म्हणाले, चेसिस नंबर कुठे आहे? आता तुला आठवत असेल, हँडलखाली एक सपाट लोखंडी पट्टी आहे. गाडी आली त्या दसऱ्याला मी तिथे शेंदराचा गणपती काढला होता. जागा अशी समोर, जशी देवासाठीच ठेवलेली. त्यावर बारीक आकडे कोरलेले होते, पण मला ती कंपनीची नक्षी वाटली. दर चतुर्थीला मी तेलात कालवून नवा शेंदूर चढवत गेले. आता तिथे बोटभर जाड देव बसला होता आणि नंबर त्याच्या पोटात.

साहेब वाईट माणूस नव्हता. म्हणाला, बाई, नंबर दिसल्याशिवाय मी पास करू शकत नाही. चोरीच्या गाड्यांवरही नंबर असाच झाकून आणतात, मला गाडी ठेवून घ्यावी लागेल. मागच्या रांगेतले एक म्हातारे भैयाजी ओरडले, “काहून वं माय, देवाले पासिंगले आणलं काय?” सगळे हसले. एक जण पेचकस घेऊन पुढे आला, खरवडून देतो म्हणाला. मी पट्टीवर हातच ठेवला. म्हटलं, माझ्या देवाच्या अंगाला लोखंड लावाल तर याद राखा. गाडी गेली तर जाऊ द्या! साहिल, मी खरंच जाऊ दिली असती.

तेव्हा हर्षा खाली उतरली. तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या. जमीन अशी तापलेली, की मी चपला घालून उभी असून मला झळ लागत होती. ती गुडघ्यावर बसली, पट्टीला डोकं टेकवलं आणि म्हणाली, “देवा, थोडं सरकून बस गा. यांले आपलं नाव वाचायचं हाय.” आणि माझ्याकडे हात करून, “आई, तेल द्या.”

मी दिलं. टेकडीवर वाहायचं तेल मी असं निमूट कसं दिलं, मलाच माहीत नाही. लेकराच्या टाळूवर घालावं तसं तिनं ते शेंदरात जिरवलं, अंगठ्यानं हळूहळू मऊ केलं. एक कण खाली पडू दिला नाही, सगळा मी खाली धरलेल्या कागदावर गोळा केला. साहेब बॅटरी धरून होते, त्यांनी नकळत आपले बूट मागे घेतले. एकेक आकडा वर यायला लागला. ती बोट ठेवून वाचत होती, साहेब गाडीच्या कागदाशी ताडून पाहत होते. शेवटचा आकडा जुळला तसे भैयाजीच म्हणाले, “गणपती बाप्पा!” आणि अख्खी रांग “मोरया!” मग हर्षानं त्याच शेंदरानं काचेच्या वर, मधोमध गणपती काढला आणि म्हणाली, इथून रस्ताही दिसेल त्याले.

इतकी वर्षं मला वाटायचं, या घरात देव मी सांभाळते. ती पूजेला कधी बसत नाही म्हणून मी किती बोलले असेन. त्या दिवशी मला कळलं, मी देवाला नुसती धरून बसले होते. तिनं त्याला हात धरून दुसऱ्या जागी नेलं आणि तो गेला! येताना टेकडीवर मी उभी राहिले, पण डोळे मिटले की मूर्ती दिसेना, ते तापल्या जमिनीवरचे तिचे पाय दिसत होते.

कागद देताना साहेबांनी विचारलं, मालक कोण? ती म्हणाली, ते पुण्याला असतात. साहेब म्हणाले, मग चालवणाऱ्या बाईच्या नावावर करून घ्या ना, कामाकामाला त्यांची सही कुठून आणाल? ती हसली नुसती. गाडी विकायची आहे, हे तिनं सांगितलं नाही.

सोबत गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचा कागद पाठवते आहे. शालिकरामनंच आणून दिला होता. घेणाऱ्याची जागा कोरी होती. तिथे मी माझ्या मॅट्रिकच्या अक्षरात हर्षाचं नाव लिहिलं आहे. खूण केली आहे तिथे तू सही कर आणि परत पाठव. राग आला तर मला बोल, तिला एक शब्द बोलू नको. तिला यातलं काही माहीत नाही. शालिकराम पुढच्या आठवड्यात येणार आहे, आणि त्याला स्वच्छ द्यावी म्हणून ती आत्ता अंगणात गाडी धुऊन राहिली आहे.

तुझ्या सहीची वाट पाहणारी,
तुझीच
आई