चेहरा कुणाचाच दाखवला नव्हता

१२ एप्रिल
चुलतभाऊ बारक्याचं लग्न उरकलं एकदाचं. कंबर मोडली माझी. पण भिंतीवरचा लग्नाचा चौक काय झालाय! गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवी, घोडा, फणी, शिडी — सगळं सवाशिणींनी बसून काढलं. त्यात निम्मा हात रूपीचा. माझी मावसबहीण. होळीला नवऱ्याकडून पळून आली, दोन दात पाडून घेऊन. तेव्हापासून तलासरीत आमच्याकडेच आहे, आणि विनोदला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हे कळता कामा नये. काकी कुरकुरत होती, हिला चौकाला कशाला बसवता. म्हाताऱ्या म्हणाल्या, "नवरा जिता हाय ना? मग सवाशीणच."

मी चौकाचं रील टाकलं. चेहरा कुणाचाच नाही, लोकेशन बंद, गावाचं नाव नाही. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर लोकांचे फोन नीट करून देते मी. एवढी अक्कल आहे मला.

१४ एप्रिल
रील खूप चाललंय. रूपीला दाखवलं. हसली. तोंडावर पदर धरून, पण हसली.

१५ एप्रिल
रीलखाली कमेंट. फोटो नसलेलं खातं. "शिडी डावीकडे कललीय. माझ्या घरच्या चौकातपण अशीच होती. रूपीला सांग."

रील उडवलं, पण त्याने पाहायचं ते पाहिलं. चेहरे झाकत बसले आणि तिचा हात सगळ्या जगापुढे मांडला. आणि खातं माझ्याच नावाचं! मूर्ख. ठार मूर्ख.

रूपी ओरडेल वाटलं होतं. ती नुसती म्हणाली, "शिडीवरून लई चिडवायचा मला. लग्न नवीन होतं तेव्हा." पोलिसांत जाऊ म्हटलं तर नाही. "अर्जात पत्ता लिहायला लागतो." भ्यालेल्या माणसाला काय समजावणार.

१६ एप्रिल
सकाळच्या एसटीने तिला डहाणूला सोडून आले. लाडकीआत्या तिथे चिकूच्या वाडीत कामाला आहे, वाडीतच खोली आहे तिला. हे फक्त मला, आईला आणि आत्याला माहीत. फोटो नाही, रूपीजवळ फोन नाही.

१९ एप्रिल
विनोद येऊन गेला. मला वाटलं भांडेल. कसला! आईच्या पाया पडला, चहा प्यायला, "चुकलं माझं" म्हणाला. आईचे डोळे भरले. मला चीड आली, कप विसळायच्या निमित्ताने तिला आत नेलं. जाताना मला हळूच म्हणाला, "शोधायला मला तुझी गरज नाय."

२१ एप्रिल
गावच्या ग्रुपवर रूपीचा फोटो. तिच्या लग्नातला, अंगाला हळद लागलेली. "हरवली आहे. डोक्यावर परिणाम झाला आहे, नवरा मारतो असं खोटंच सांगते. दिसल्यास कळवा. पुढे पाठवा, एक संसार वाचवा." खाली विनोदचा नंबर.

दुपारपर्यंत पार हायवेवर अच्छाडच्या ढाब्यांपर्यंत गेला. दुकानात एकाने मलाच दाखवला, "बिचारी गं." चांगली माणसं आहेत सगळी. चांगुलपणानेच पाठवतायत.

राहवलं नाही. लिहिलं, "ती हरवलेली नाही. पुढे पाठवू नका." लगेच एकजण, "मग कुठे आहे?" आणि विनोदचा अंगठा. परत माती खाल्ली मी.

२२ एप्रिल
आत्याला फोन केला, रूपीला खोलीबाहेर काढू नको. "अगं, वाडीत चिकू निवडते. तिथं कोण येतंय?" टेम्पोवाले येतात, व्यापारी येतात, सगळ्यांच्या खिशात फोन! ओरडले आत्यावर. उद्या जाते आणि रूपीला घेऊन सरळ पोलिसांत. पत्ता लिहायला लागला तर माझा लिहीन.

आईला सांगितलं.

२३ एप्रिल
पोचायला उशीर झाला. आत्या रडत होती. म्हणाली, सकाळी गाडी थेट खोलीच्या दारात आली, कुणाला विचारलंसुद्धा नाही.

ग्रुपवर आलंय, "रूपी मिळाली. मदत करणाऱ्या सर्वांचे आभार." खाली सगळ्यांनी हात जोडलेत.

त्याखाली आणखी एक ओळ आहे. "बायजीमावशीचे विशेष आभार."

बायजी माझ्या आईचं नाव.