हेर ओ देत नाहीत

अहो,

सकाळपासून तुमच्या हार घातलेल्या फोटोशी भांडतेय, आणि तुम्ही आपले हसताय! म्हणून म्हटलं, लिहूनच काढते.

काल आपली सई हरवली. दुपारभर! चारकोपची अख्खी सोसायटी पालथी घातली आम्ही. सूनबाई रडून अर्धमेली. मी "सई गं, सई" ओरडत जिने चढतेय, उतरतेय. आणि नात कुठे? पंपरूममध्ये! भुयार म्हणून खेळायला शिरली, दार आपटलं, बाहेरची कडी पडली. आत पायाखाली पाणी, भिंतीला उघड्या वायरी, टाकीचं झाकण अर्धवट. संध्याकाळी वॉचमन पंप लावायला गेला म्हणून सापडली. नाहीतर?

त्या दारावरून मी दोनदा गेले. तिनं माझी हाक ऐकली. आणि गप्प बसली!

का, तर आजोबांच्या गोष्टीतले हेर परवलीचा शब्द ऐकल्याशिवाय कुणालाही ओ देत नाहीत. अगदी आईलासुद्धा! वा रे वा, लेखकमहाशय!

दिवाळी अंकात तुमची पहिली साहसकथा आली तेव्हा पेढे मीच वाटले. पण तेव्हाच म्हटलं होतं, पोरांना घरच्यांपासून लपवाछपवी शिकवू नका. तर म्हणे, "अगं, गोष्ट आहे ती!" तुमच्या गोष्टीतल्या भुयारात कधी कुणाला शॉक लागला? दोर तुटला? घरी कुणाची आई वेडीपिशी झाली? लिहायला काय जातंय तुमचं!

पोरीला पोटाशी धरलं, तर तीच माझ्यावर डाफरली. "आजी, तू परवलीचा शब्द म्हटलाच नाहीस!"

"कुठला गं बाई?"

"आजोबा म्हणाले होते, कुण्णाकुण्णाला सुचणार नाही असा. कुमुद!"

माझंच नाव! उभ्या जन्मात "अगं"शिवाय हाक मारली नाहीत, आणि नाव सांगितलंत ते पोरीच्या कानात? आणि मला ते सुचणार कसं? आपल्याच नावानं हाका मारत कोण फिरतं हो! असा संताप आला, आणि मग रडूच आलं.

आता ऐका. गोष्टी बंद नाही करणार, सई मला जगू द्यायची नाही. पण यापुढे गोष्ट मी सांगणार. माझे हेर अडकले की आधी बोंब ठोकतील, घरच्यांना बोलावतील, मग काय ते चोर पकडतील.

आणि तुम्ही? एकदा, स्वप्नात का होईना, नावानं हाक मारा. भांडण तेवढ्यापुरतं बाजूला ठेवून लगेच ओ देईन, शब्द देते.

कुमुद