मनगट माझं आहे

कुरुंदा, ता. वसमत
२१ जानेवारी २००२

ती. गोजराअक्कास,
रामकिशनचा शि. सा. न. वि. वि. इकडं सगळे खुशाल. मी सोडून.

काल वसमतच्या स्टँडवर मी सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत उभा होतो. औंढ्याकडून आलेली एकेक गाडी पाहिली. तू उतरली नाहीस. नांदेडच्या हाडाच्या डॉक्टरांकडून ऑपरेशनची तारीख मिळवायला मी किती विनवण्या केल्या होत्या! एक्स-रेच्या फोटोत त्यांनी तुलाही दाखवलं, की उजव्या मनगटातली गादी झिजलीय, हाडावर हाड घासतंय. हाडं एकमेकांना जोडून टाकली की दुखणं संपलं. एवढं सरळ काम. पेशंट येणार नाही असं दवाखान्यात फोनवर सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाऊजी गेल्यापासून तू सिद्धेश्वरला एकटी राहून शिलाई मशीन चालवतेस. इथं ये म्हटलं तर येत नाहीस. गाव मला विचारतं, गुरुजी, सख्खी बहीण दुखऱ्या हातानं ब्लाउज शिवते आणि तुम्ही काय करून राहिले? मी दुसरी तारीख घेतोय. या खेपेला स्वतः न्यायला येईन, तुझी मर्जी असो नसो.

मायचा आशीर्वाद. राग आला तरी लोभ राहू दे.
तुझा भाऊ,
रामकिशन


सिद्धेश्वर, ता. औंढा
२ फेब्रुवारी २००२

चि. रामकिशन यास,
अक्काचा आशीर्वाद. मोठी आहे म्हणून देते, आज मनातून येत न्हाई.

तारीख घ्यायला तुला कोणी सांगितलं? डॉक्टर बोलून राहिले होते तवा तू अर्ध्यातून उठून कंपाउंडरकडं तारीख ठरवायला गेलास. पुढचं मी एकटीनं ऐकलं. ते म्हणाले, ऑपरेशनची घाई न्हाई. आधी सहा महिने मनगटाला पट्टा बांधा, व्यायाम करा, कामाची पद्धत बदला, लईच दुखलं तर जेवून गोळी घ्या. आणि हाडं जोडली तर मनगट पुन्हा वाकणार न्हाई, हेही म्हणाले. गळ्याची शिवण वळवताना मनगट वाकवावं लागतं रे. माझं पोट त्या वाकण्यावर आहे. बाहेर येऊन हे सगळं तुला सांगितलं, तर तू हात झटकून गाडीत बसलास.

त्यांनी आणखी एक विचारलं, हा हात आधी कवा मोडला होता का? मी व्हय म्हटलं. तेव्हा वाकडं जुळलेलं हाडच आता झिजून राहिलं, असं ते म्हणाले.

तो हात कसा मोडला ते तुला माहीत आहे. मी चौदाची, तू बाराचा. कडब्याची गाडी तू हाकत होतास. मी नको नको म्हणत असताना बैल पळवलेस, चाक बांधावर चढलं आणि मी खाली पडले. घरी येऊन तू बाबांना सांगितलंस, अक्कानं चालत्या गाडीतून उडी मारली. बाबा म्हणाले, उड्या मारते तर भोगू द्या, दवाखाना कशाला. गावात हाडं बसवणाऱ्या सटवाजीनं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि हात वाकडा बसला. शाळेत लेकरांना खरं बोला म्हणून शिकवतोस ना?

एकदा माझ्या हाताचा निकाल तू लावलास. आता मनगट माझं आहे. न्यायला येऊ नको, दार उघडणार न्हाई.

माया ठेवायची का न्हाई ते तुझं तू बघ.
गोजरा


कुरुंदा
११ फेब्रुवारी २००२

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पस्तीस वर्षांपूर्वीचं उकरून काढायला तुला हीच वेळ सापडली. बारा वर्षांच्या पोराला बापाच्या चाबकाची भीती वाटली, हा त्याचा गुन्हा. बरं. मग आज तोच भाऊ हात बरा करून द्यायला निघाला तर त्याच्या तोंडावर दार लावतेस.

बांध पट्टे. गरम पाण्यात हात बुडवून बस. झिजलेलं हाड त्यानं उगवत असेल तर मलाही कळव, शाळेत शिकवीन. उद्या तांब्या उचलता आला नाही, तर मात्र माझ्या दारात येऊन रडू नकोस. हे मी रागात लिहीत नाही, विचार करून लिहितोय.

मायला यातलं काही सांगितलेलं नाही. तिची तब्येत बरी आहे.
रामकिशन


सिद्धेश्वर
५ ऑगस्ट २००२

चि. रामकिशन यास,
आशीर्वाद.

सहा महिने झाले. तांब्या उचलते, तुझ्या दारात आले न्हाई.

दुखणं गेलं असं खोटं लिहिणार न्हाई. सकाळी हात लाकडासारखा असतो. कोमट पाण्यात धरला की सैल होतो. मग टेबलाच्या कडेवरून पंजा बाहेर सोडून हळूहळू वर-खाली करते. हिंगोलीच्या व्यायामाच्या बाईंनी शिकवलं. पहिला महिना रडू यायचं, तवा तुझं पत्र काढून वाचायचे आणि पुन्हा पंजा उचलायचे. काम करताना पट्टा, काम झालं की सोडते. मशीनचं चाक डाव्या हातानं फिरवते. कात्रीच्या मुठीला चिंध्या गुंडाळून जाड केली. कपडे पिळत न्हाई, निथळत टाकते. ज्या दिवशी सुजतं त्या दिवशी मशीन बंद, गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं तरी बंद.

गेल्या सोमवारी एकटी नांदेडला जाऊन आले. डॉक्टरांनी मूठ आवळायला लावली. पकड वाढली, ऑपरेशन सध्या नको, पुढं लागलं तर बघू, असं म्हणाले. झीज भरत न्हाई, पण हात चालतो.

आता माझं ऐक. माय आजही आल्यागेल्याला सांगते, गोजरा पहिल्यापासून आगाऊ, उडी मारली आन् हात मोडून घेतला. माझ्या लग्नात सासूलाही तिनं हेच सांगितलं होतं. सासूनं पुढं वीस वर्षं मला आगाऊच म्हटलं. तू मायला खरं सांग. न्हाई सांगितलंस तर मला भाऊ न्हाई.
गोजरा


कुरुंदा
१६ ऑगस्ट २००२

ती. अक्कास,
शि. सा. न.

काल शाळेतून झेंडावंदन करून आलो आणि मायच्या पुढं बसून सगळं सांगितलं.

ती रडली नाही, चिडली नाही. तूर निवडत होती, ती निवडतच राहिली. मग म्हणाली, मला ठावं आहे. त्या दिवशी ती गवताचा भारा घेऊन गाडीच्या मागंच चालत होती. बैल मी पळवलेले तिनं पाहिले होते. तुझ्या बाबांनी पोराला मारून टाकलं असतं, पोरीला नुसतं बोलले असते, म्हणून गप राहिले, म्हणाली.

अक्का, इतकी वर्षं मला वाटत होतं की हे मी एकट्यानं लपवलंय. तुला काय लिहायचं ते लिही.
रामकिशन


सिद्धेश्वर
२४ ऑगस्ट २००२

ती. मायस,
गोजराचा दंडवत.

तुला वाचता येत न्हाई, म्हणजे हे पत्र रामकिशनच वाचून दाखवणार. रामकिशन, गाळू नको, मोठ्यानं वाच.

माय, त्या दिवशी गप राहिलीस ते मी समजू शकते. बाबांचा चाबूक मीही पाहिला होता. पण बाबा जाऊन अठरा वर्षं झाली. त्यानंतर तुला कोणाची भीती होती? डोळ्यांनी बघूनही गावाला, सोयऱ्यांना, माझ्या सासूला माझंच नाव काहून सांगत राहिलीस? पोराची पाठ वाचली, त्यावर तुझं भागलं न्हाई?

रामकिशन, थांबू नको. आवाज बसला तर पाणी पी आणि पुढचं वाच.

पोळ्याला मी येऊन राहिले. हात दाखवायला न्हाई, भांडायला येते. तू घरात जाऊन झोपायचं न्हाई, कान ऐकत न्हाईत म्हणायचं न्हाई. समोर बसायचं आणि मला उत्तर द्यायचं. ते ऐकल्याशिवाय मी तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाई.

आशीर्वाद असू दे. तो मात्र मला हवा आहे.
तुझी लेक,
गोजरा