साखरेतली लवंग

आई, आज सकाळी साखरेचा डबा भरला. मुंग्या लागू नयेत म्हणून तू टाकायचीस तशाच चार लवंगा टाकल्या आणि हात तिथेच थांबला. धुळ्यात थंडी पडली आहे. स्वयंपाकघरात कोवळं ऊन आलंय, ओट्यावर पुरीएवढा एक उजेडाचा तुकडा पडलाय, आणि त्यात जळगावच्या पिंप्राळ्यातलं आपलं घर तरंगतंय असं मला उगाच वाटतंय. तू पाटावर बसून करंज्या कातते आहेस. तुझ्या पदराला फिनेलचा वास येतोय. प्रसूतिगृहातलं आयाचं काम संपवून आल्याबरोबर तू कणिक मळायला बसायचीस, म्हणून आपल्या नाताळच्या फराळाला माझ्या लेखी कायम थोडा फिनेलचा वास होता.

खरं सांगू? मला तुझी लाज वाटायची. तू चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचीस आणि उपदेश सुरू झाला की पाच मिनिटांत डुलक्या काढायचीस. रात्रपाळी करून आलेली असायचीस, पण ते बाकीच्यांना कोण सांगणार? घरोघरच्या प्रार्थनासभेत तुझा नंबर आला की तू डोळे मिटून म्हणायचीस, "प्रभू, तुला ठाऊकच आहे. आमेन." बायका हसू दाबायच्या. मी मात्र खणखणीत आवाजात अध्यायच्या अध्याय म्हणून दाखवायचे, बक्षिसं आणायचे. पाळकसाहेब माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "ही पोर पुढे सेवा करणार." तू मागून जांभई द्यायचीस. बाळंतिणीचं डोकं मांडीवर घेऊन अख्खी रात्र बसणं हीसुद्धा सेवाच असते, हे माझ्या डोक्यात शिरायला फार वर्षं लागली.

त्या वर्षी मी दहाची होते. नाताळच्या कार्यक्रमात मला शेजाऱ्यावर प्रीती करण्याबद्दलची वचनं म्हणायची होती. ती पाठ करत मी अंगणात येरझाऱ्या घालतेय आणि तू हाक मारतेस. ताट तयार आहे. करंज्या, शंकरपाळे, वर तू विणलेला क्रोशाचा रुमाल. समोरच्या अक्कांकडे न्यायचं आहे. अक्का मूळच्या शिरपूरकडच्या. त्यांच्या घरी लग्नाचे पाहुणे उतरले होते आणि दारापुढचा ओटा बायकांनी गच्च भरला होता. आदल्या वर्षी अशाच एका पाहुणीने मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुम्ही लोक यात अंडं घालता का?" आणि ओटाभर हशा पिकला होता. तू तर अक्कांसाठी म्हणून वेगळं तूप, वेगळी कढई वापरायचीस. पण ते सांगायचं सोडून मी ताट ठेवून पळून आले होते.

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. त्या ओट्याकडे पाहिलं आणि पाय वळले ते थेट कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटकडे. तिथे एक तांबडी गाय बांधलेली असायची. तिने तुझा फराळ शांतपणे खाल्ला. आजही तो प्रसंग मला स्वप्नासारखा दिसतो. डाळमिलकडून येणारा तुरीच्या टरफलांचा उग्र वास, धुरकट पिवळी दुपार, आणि क्रोशाच्या रुमालावर गायीचा गरम श्वास.

पण शेजारीण रिकामं ताट परत देत नाही, एवढी अक्कल मला होती. मी मागच्या दाराने आत शिरले, आपल्याच डब्यातली मूठभर साखर ताटात घातली, रुमाल झाकला आणि पुढच्या दाराने येऊन म्हटलं, "अक्कांनी साखर दिली."

तू रुमाल उचललास. साखरेत एक लवंग होती.

तू ती दोन बोटांनी उचललीस, पदराला पुसलीस आणि तोंडात टाकलीस. साखर डब्यात परत ओतलीस. म्हणालीस, "हातपाय धू. वचनं म्हणून दाखव बघू." आणि मी ती म्हणून दाखवली, आई. एकही शब्द न चुकता.

दुसऱ्या दिवशी तू स्वतः नवं ताट घेऊन गेलीस. मी खिडकीच्या गजाला धरून बघत होते. अक्का आणि तू ओट्याच्या टोकाला उभ्या होतात. अक्कांनी एकदा आपल्या खिडकीकडे पाहिलं आणि मी पटकन खाली वाकले. पण तू आलीस ती भाजी निवडायला बसलीस. विषय कधीच निघाला नाही. पुढच्या नाताळला ताट पुन्हा माझ्याच हातात दिलंस. "तूच जा," म्हणालीस. त्या वर्षी अक्का नेमक्या ओट्यावर बसलेल्या दिसल्या, मला बघून पायऱ्या उतरून आल्या, आणि सगळं सोपं होऊन गेलं. मला वाटलं, नशीब.

आता तुला जे सांगायचंय ते ऐक. गेल्या महिन्यात इथल्या चर्चच्या महिला मंडळाने मला तुझ्याविषयी बोलायला सांगितलं. तू गेल्याला इतकी वर्षं झाली आणि मी अजून बोलण्यात पटाईत आहे. मी करंज्यांची गोष्ट सांगितली. फक्त माझ्या सोयीने बदलली. शेजारणीने तुझा फराळ गायीला घातला, आणि तरी माझी आई दुसऱ्या दिवशी नवं ताट घेऊन तिच्या दारी गेली, असं सांगितलं. बायका डोळे पुसत होत्या. एक जण जवळ येऊन म्हणाली, "कशी असतात ना माणसं!" मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला अजून शिसारी येते. दहा वर्षांची पोर घाबरली होती; साठीच्या बाईला कसली भीती होती?

परवा एसटीने जळगावला गेले. पिंप्राळ्यात आता गायीच्या जागी तीन मजली इमारत आहे. अक्का नव्वदीच्या आसपास, डोळ्यांनी अधू, पण ओटा तोच.

"कोन शे वं?"

"अक्का, मी. समोरच्या आयाबाईंची पोर."

"तू! ये माय, आठे बठ."

बसले आणि सगळं सांगितलं. गाय, साखर, आणि मंडळात त्यांच्या माथी मारलेलं पापही. अक्का ऐकता ऐकता हसायलाच लागल्या.

"माले ठाऊक शे वं. तुनी माय दुसराच दिन उनी व्हती. म्हने, पोर लाजनी, अक्का. तुमना घर इतल्या बाया, तिले वळखीनं कोनी दिसनं नही. पुढला साल ती उनी का तुम्ही ओट्टावर ऱ्हा." मग माझा हात चाचपत म्हणाल्या, "मंग मी त्या दिन दुपारपाईन ओट्टावर बठेल व्हतू. तुनीच वाट देखत."

आई, ते नशीब नव्हतं; मी येईन तेव्हा ओट्यावर थांबा, असं तूच त्यांना सांगून ठेवलं होतंस. मी तिथेच, त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. तू मला एका शब्दाने बोलली नाहीस, फक्त माझा रस्ता मोकळा करून ठेवलास.

काल रविवारी उपासनेनंतर बायकांना थांबवून खरं काय ते सांगितलं. पाच वाक्यंसुद्धा झाली नसतील. डोळे कोणी पुसले नाहीत. दोघी-तिघी माझ्याकडे बघायचं टाळून निघून गेल्या. मग कुणीतरी प्रार्थना करायला सांगितली, आणि मला एकही वचन आठवेना. "प्रभू, तुला ठाऊकच आहे," एवढंच म्हटलं.

हे पत्र कुठे टाकू? तुझ्या कबरीवर ठेवलं तर वारा घेऊन जाईल. घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवते.

एक राहिलंच. सगळ्या करंज्या गायीला घातल्या, असं मी अक्कांनाही सांगितलं आणि बायकांनाही. ते पूर्ण खरं नाही. एक मी भिंतीआड उभी राहून खाल्ली होती. फार सुरेख झाली होती गं. तेव्हा सांगता आलं नाही.