उत्तर न आल्याने बंद

सोमवार, ४
सुटलो एकदाचा! बारा वर्षं सर्व्हरच्या खोल्यांत कुडकुडत वायरी ओढल्या; आजपासून मी सेवा विभागाचा मॅनेजर. नवी कंपनी, खिडकीजवळचं टेबल, फिरती खुर्ची. लेकीला सांगून ठेवलंय, आता दर रविवारी सायकल शिकवणार, मध्येच फोन आला म्हणून बाबा पळणार नाही. बायको म्हणाली, बघू किती दिवस टिकतंय. तिचा माझ्यावर विश्वास दांडगा.

मोठ्या साहेबांनी कामाचं सार सांगितलं. आता यंत्राला हात लावायचा नाही, तक्रारी मार्गी लावायच्या. कुणाचं काही बिघडलं की तो संगणकावर तक्रार नोंदवतो. आपण मेल पाठवून विचारायचं, अडचण अजून आहे का? तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर तक्रार आपोआप बंद. महिनाअखेर जुनी तक्रार एकही उरली नाही, तर माझी नोकरी पक्की.

हाताखाली चौघं. त्यांतला एक माझ्याच वयाचा, काडीसारखा किडकिडीत, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात. कुठे खुट्ट झालं की स्क्रूड्रायव्हर घेऊन धावतो. माझंच जुनं रूप.

मंगळवार, ५
एक गमतीची तक्रार सापडली. काल सकाळी नोंदवलेली: तळघरातल्या जुन्या सर्व्हर खोलीत आहे, दार आतून उघडत नाही. नोंदवणारे माझ्याआधीचे मॅनेजर. ते तर नोकरी सोडून गेले, असं साहेब म्हणाले होते. पैलवान म्हणाला, खाली जाऊन बघून येतो. मी त्याला थांबवलं. म्हटलं, प्रत्येकासाठी उठून धावलास तर जन्मभर धावतच राहशील. मेल पाठव, उत्तर नाही आलं तर बंद. त्याने स्क्रूड्रायव्हर खणात ठेवला आणि मेल पाठवला.

टेबलाशेजारच्या पाइपातून दिवसभर ठकठक येत होती. हवा अडकली असेल.

बुधवार, ६
तीन दिवसांची मुदत मी एक दिवसावर आणली. अर्ध्या तासात चाळीस तक्रारी बंद! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तळघरातलीही त्यातच गेली.

त्याच वेळी पाइपातली ठकठक थांबली. हे जेवताना लक्षात आलं आणि डबा अर्धाच बंद केला.

गुरुवार, ७
न राहवून जुन्या मॅनेजरांच्या घरी फोन केला. वहिनी म्हणाल्या, रविवारी रात्री कामावर बोलावलं म्हणून गेले ते परतलेच नाहीत. ऑफिसातून सांगतात, बाहेरगावी पाठवलंय. मग त्यांनीच विचारलं, भाऊजी, तुमचं बोलणं झालं का हो त्यांच्याशी? मी हो म्हणालो. लाज वाटते स्वतःची.

साहेबांकडे गेलो. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. म्हणाले, बंद दिसतेय ना? मग आता त्यात काय राहिलंय?

शुक्रवार, ८, दुपार
कुणालाच न सांगता तळघरात आलो. पैलवानाला अडवणारा मीच. त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? दाराला पाचर लावून आत शिरलो. खोलीत कुणी नाही. एक खुर्ची, चालू असलेला जुना संगणक, भिंतीवर पाच खिळे. चार खिळ्यांवर ओळखपत्रं, चारही सेवा विभागाच्या मॅनेजरांची. शेवटचं वहिनींच्या नवऱ्याचं.

खुर्चीला हात लावला. गरम होती.

मागे दार लागलं. पाचर माझ्या पायाशी पडलेली. दाराला आतून मूठ नाही, एक स्क्रूसुद्धा नाही. फोनला रेंज नाही. संगणकावर फक्त तक्रारीचा फॉर्म उघडतो. नोंदवली.

लगेच संदेश आला: अडचण अजून आहे का? मेलने कळवा. मेल इथे उघडतच नाही. त्यांनाही असंच —

शुक्रवार, संध्याकाळ
दुसऱ्यांदा नोंदवू देत नाही. आधीच नोंद आहे म्हणतो. ओरडून घसा बसला. आता घरी वाट बघत असतील. एक दिवस. तीन असते तर — मीच —

शनिवार, सकाळ
फॉर्मखाली मॅनेजरचं नाव बदललंय. पैलवान! म्हणजे तो माझ्याच टेबलाशी बसला असणार. मी पाचरीने वर जाणारा पाइप बडवतोय. त्याला ऐकू जाईल. तो धावत येईल, त्याची खोडच ती —

शनिवार
वर खुर्ची सरकली. पावलं. थांबली.

शनिवार
नवी सूचना. मुदत एक तास.
शिकला. माझ्याकडूनच —

गळ्यातलं ओळखपत्र कुठे गेलं? पाचव्या खिळ्यावर — मी नाही ठेवलं, देवाशपथ मी —

पाच मिनिटं उरली. बडवतोय. हात —
बायकोला सांगा, मी पळालो नाही. आणि पोरीला सांगा, उद्या रविवार, सायकल काढून ठेव, बाबा ये